इस्त्रीवाले, आम्लवाले आणि ‘मागवून घ्या’वाले

कपड्यांच्या इस्त्रीने सर्किट बोर्ड करता येतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. पण जगभरचे हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाले गेली कित्येक वर्षं हेच करत आले आहेत. सर्किटचा नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर उलटा छापायचा, तो कागद तांब्याचा पातळ पत्रा चढवलेल्या बोर्डावर पालथा घालायचा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरायची. लेझर प्रिंटरची काळी पूड, म्हणजे टोनर, हे खरं तर रंगवलेलं बारीक प्लास्टिक असतं. उष्णतेने ते वितळतं आणि कागद सोडून तांब्याला चिकटतं. मग कागद पाण्यात भिजवून बोटाने चोळून काढायचा आणि बोर्ड तांबं खाणाऱ्या द्रावणात टाकायचा. उघडं तांबं विरघळून जातं, काळ्या रेघांखालचं शाबूत राहतं. रेघा पुसल्या की खाली वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या वाटा तयार.

कृती एवढीच, आणि वादाला तोंड फुटतं तेही इथेच. एक म्हणतो, इस्त्रीने कधीच एकसारखं चिकटत नाही, लॅमिनेटर घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, उष्णता हवीच कशाला, ॲसिटोनने काम होतं. तिसरा या सगळ्याला पोरखेळ ठरवून फोटो-पद्धतीची शिफारस करतो. चौथ्याला मुळात रसायनंच नकोत. तो यंत्राने तांबं कोरून काढतो. आणि पाचवा शांतपणे विचारतो, ‘एवढी यातायात कशासाठी? चीनहून मागवून घ्या की!’

नवख्याला वाटतं, या पाचांतला एक कुणीतरी बरोबर असणार आणि बाकीचे चूक. प्रत्यक्षात पाचही जण बहुतेक वेळा खरंच बोलत असतात, फक्त आपण कुठल्या परिस्थितीत बोलतो आहोत ते सांगायला विसरतात. प्रिंटर कोणता, कागद कोणता, गाव कुठलं, घाई किती आणि बोर्ड नेमका कशासाठी, एवढं विचारलं की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी मात्र खरी असतात, आणि त्यांतूनच या छंदाने आजवर प्रगती केली आहे.

मतभेद तर छापील सर्किट बोर्डाच्या जन्मापासूनच आहेत. पाउल आइस्लर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता. ऑस्ट्रियात दिवस कठीण झाल्यावर १९३६ साली तो इंग्लंडला आला. रेडिओच्या आत तेव्हा तारांचं जंजाळ असे आणि प्रत्येक जोड हाताने डाखावा लागे. या तारा कागदावरच्या मजकुरासारख्या छापताच येतील, असं आइस्लरच्या मनात आलं आणि त्याने लंडनमध्ये तसा एक रेडिओ करूनही दाखवला. तो घेऊन तो प्लेसी या मोठ्या कंपनीकडे गेला, तर नकार मिळाला. तारा जोडायचं काम मुली करतात, त्या स्वस्त पडतात आणि काम बदललं तर त्यांना बदलता येतं, असं उत्तर त्याला मिळाल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. पुढे युद्ध पेटलं, शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला काही दिवस स्थानबद्धतेत काढावे लागले. सुटल्यावर त्याला आसरा मिळाला तो हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या लिथोग्राफीच्या छापखान्यात. १९४३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याच युद्धात अमेरिकेने विमानविरोधी तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किटं वापरली आणि प्लेसीला पटलं नव्हतं ते रणांगणावर सिद्ध झालं.

प्लेसीचा नकार आज हास्यास्पद वाटतो खरा, पण त्या कंपनीच्या हिशेबात तो चूक नव्हता. मजुरी स्वस्त होती आणि रेडिओचे नमुने सारखे बदलत होते. नवी पद्धत उत्तम असूनही त्यांच्या अटींत बसत नव्हती. घरगुती बोर्डांवरच्या आजच्या वादांचा नमुना हाच आहे.

भारतातल्या हौशी पिढ्या या छंदाकडे आल्या त्या मासिकांतून. दिल्लीहून १९६९ पासून निघणारं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ अनेक सर्किटांसोबत बोर्डाचा नकाशा मूळ मापात छापत असे. तो तांब्यावर उतरवून घ्यायचा आणि एनॅमल रंगाने, नेलपॉलिशने नाहीतर न पुसल्या जाणाऱ्या मार्करने रेघा भरायच्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातून कॉपर-क्लॅडचा, म्हणजे तांबं चढवलेल्या बोर्डाचा तुकडा आणि तांबं खाणारं फेरिक क्लोराइड आणायचं. बोर्ड साधारण १.६ मिलिमीटर जाड आणि त्यावरचं तांबं अवघं ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. ज्याचा हात स्थिर, त्याचा बोर्ड सुबक.

टोनरने हाताच्या कसबाची अट काढून टाकली, पण त्या जागी नवी अनिश्चितता आणली. प्रत्येक कंपनीच्या टोनरचं प्लास्टिक वेगळं. काहींचं इस्त्रीच्या उष्णतेने मेणासारखं पसरतं, काहींचं ढिम्म हलत नाही. कागदाचंही तसंच. रंगीत मासिकांच्या गुळगुळीत कागदावर चिनीमातीसारख्या पदार्थाचा थर असतो. तो पाण्यात सुटतो म्हणून कागद सहज निघतो. कुणी इंकजेटचा फोटो-पेपर वापरतो, कुणी स्टिकरच्या मागचा मेणचट कागद, कुणी खास या कामासाठी मिळणारा पिवळा कागद. ऑफिसातला लॅमिनेटर एकसारखा दाब देतो, पण तो पातळ प्लास्टिकसाठी बनवलेला. जाड बोर्ड त्यातून दहा वेळा फिरवावा लागतो, नाहीतर त्याचे रूळ वर उचलून घ्यावे लागतात. ॲसिटोन आणि अल्कोहोलचं मिश्रण टोनरला न तापवताच मऊ करतं. प्रमाण जरा चुकलं की सगळ्या रेघा पसरतात.

म्हणून ‘माझ्याकडे इस्त्रीने झालं नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणता प्रिंटर, कोणता कागद, तांबं कशाने घासलं होतं, एवढं पुढे जोडलं तरच ते दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. एका गोष्टीवर मात्र सगळे तट एकत्र येतात: तांबं स्वच्छ घासलेलं हवं आणि त्यावर बोटाचा तेलकटपणा नको.

फोटो-पद्धतीतही परिस्थितीचा असाच खेळ. तांब्यावर प्रकाशाला संवेदनशील असा पातळ निळा पापुद्रा चिकटवायचा, वर नकाशाची पारदर्शक फिल्म ठेवायची आणि अतिनील प्रकाश द्यायचा. प्रकाश पडलेला भाग कडक होतो, उरलेला धुण्याच्या सोड्याच्या साधारण एक टक्का द्रावणात विरघळतो. रेघा टोनरपेक्षा बारीक येतात. दिवा नसेल तर ऊनही चालतं, पण उत्तर युरोपातल्या माणसाने सांगितलेली मिनिटं सोलापूरच्या एप्रिलमध्ये धरली तर पापुद्रा पार करपल्यासारखा कडक होणार. आता तर रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरचा पडदा हाच प्रकाशाचा स्रोत म्हणून वापरतात, फिल्म छापायचीही गरज उरत नाही. ही युक्ती ‘फोटो-पद्धत कटकटीची आहे’ असं म्हणणाऱ्यांच्या तक्रारीतूनच पुढे आली, असं म्हणायला हरकत नाही. मधल्या फिल्मवरचे डाग आणि तिचं सरकणं हीच तर त्यांची मुख्य रड होती.

सगळ्यात कडाक्याचा वाद आम्लाचा.

फेरिक क्लोराइड जुनं, भरवशाचं आणि घाणेरडं. गडद तपकिरी द्रावणात बोर्ड किती झाला ते दिसत नाही, कपड्यावर पडलं तर डाग जन्मभराचा, आणि स्टीलचं सिंक ते खाऊन टाकतं. त्याला पर्याय म्हणून कुणी सोडियम परसल्फेट वापरतो. ते पाण्यासारखं नितळ असतं, पण गरम ठेवावं लागतं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण झपाट्याने काम करतं आणि त्याची रसायनशास्त्रीय गंमतही वेगळीच आहे. विरघळलेल्या तांब्यापासून क्युप्रिक क्लोराइड तयार होतं आणि पुढे तेच तांबं खायला लागतं. द्रावण हिरवं असेपर्यंत ताजं. काळपट तपकिरी झालं की माशांच्या टाकीच्या पंपाने त्यात हवा सोडायची, थोडं आम्ल घालायचं, की पुन्हा हिरवं. तत्त्वतः एकच बाटली वर्षानुवर्षं चालते. विरोधकांचं म्हणणंही तितकंच खरं: आम्लाच्या वाफांनी खोलीतली पक्कड, ड्रिल, पाने सगळं गंजतं, आणि मिश्रण फार तीव्र केलं तर विषारी क्लोरीन सुटतो. बंगल्याच्या गच्चीवर काम करणारा या पद्धतीचे गोडवे गाणार आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारा तिला शिव्या घालणार, यात दोघांचंही चुकत नाही.

याच वादात लिंबूसत्त्व आणि व्हिनेगरवाले येतात. मीठ आणि पेरॉक्साइडच्या जोडीला लिंबूसत्त्व घातलं तर तांबं खरोखर विरघळतं. व्हिनेगरनेही विरघळतं, फक्त फार सावकाश. घरात लहान मुलं असतील तर हा पर्याय आम्लापेक्षा पुष्कळ बरा. पण त्यापुढे जेव्हा ‘हे सगळं स्वयंपाकघरातलंच आहे, मग उरलेलं पाणी मोरीत ओतलं तरी चालेल’ असं सांगितलं जातं, तेव्हा ते नुसतं वेगळं मत राहत नाही, ती चूक असते. द्रावण कशाचंही असो, शेवटी त्यात तांबं विरघळलेलंच असतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही: तो मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण वेलींवर फवारतो ते त्यातलं तांबं बुरशीला मारतं म्हणूनच. तेच तांबं नाल्यातून नदीत गेलं की शेवाळं आणि मासे यांच्या जिवावर उठतं. वापरलेलं द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत साठवून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेत देणं हाच रास्त मार्ग. मतभेदांचं स्वागत करावं, पण त्याला इथे मर्यादा आहे. फेरिक क्लोराइडची कोरडी पूड पाण्यात हळूहळू घालायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. या गोष्टी बहुमताने ठरत नाहीत.

रसायनं नकोच म्हणणाऱ्यांचा बालेकिल्ला म्हणजे फॅब लॅब. अमेरिकेतल्या एमआयटीत नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘हाऊ टू मेक (ऑलमोस्ट) एनिथिंग’ हा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातून सामान्य माणसाला यंत्रं हाताळू देणाऱ्या फॅब लॅबची कल्पना निघाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ मध्ये उभी राहिली ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात. फॅब लॅबच्या जगात बोर्ड कोरून करण्याची रीत आहे. इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर व्यासाच्या बिटने वाटांभोवतीचं तांबं खरवडून काढायचं. भिजवणं नाही, वास नाही, विल्हेवाटीची चिंता नाही.

आणि इथेही दोन तट. फॅब लॅबवाले एफआर-१, म्हणजे कागद आणि फिनॉलिक रेझिनचा बोर्ड पसंत करतात. कारखान्यात सर्रास वापरला जाणारा एफआर-४ हा काचेच्या धाग्यांचा असतो. तो कोरला की काचेची धूळ उडते, त्वचेला खाज सुटते, फुफ्फुसांना ती घातक, आणि महागडा बिट लवकर बोथट होतो. याला उत्तर म्हणून एफआर-४ चे पाठीराखे सांगतात की कागदी बोर्डावर एकाच जागी दोन-तीनदा डाख दिला तर तांब्याचं पॅड उखडून हातात येतं. दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागणाऱ्या शिकाऊ माणसाला हा अनुभव हमखास येतो. यंत्राच्या सपाटीबाबत मात्र दोन्ही बाजूंची तक्रार एकच असते. तांबं ३५ मायक्रॉनचं, आणि बोर्ड एका कोपऱ्यात दशांश मिलिमीटरने जरी खाली बसला तरी तिथे बिट तांब्याला शिवतच नाही. शेवटी कुणीतरी बिटलाच चाचणीची सुई बनवलं: आधी बोर्डाला ठिकठिकाणी टेकवून उंची मोजायची, मग त्या चढउतारांनुसार यंत्राने खोली बदलत कोरायचं. आज स्वस्तातल्या सीएनसी यंत्रांवरही ही सोय वापरता येते.

काही जाणकार तर बोर्डच करू नका म्हणतात, आणि त्यांना उडवून लावणं सोपं नाही. लिनिअर टेक्नॉलॉजी या कंपनीचे जिम विल्यम्स हे ॲनालॉग सर्किटांच्या दुनियेतलं मोठं नाव. १९९१ मध्ये निघालेल्या त्यांच्या सत्तेचाळीस क्रमांकाच्या ॲप्लिकेशन नोटमध्ये अतिवेगवान ॲम्प्लिफायरांची जी छायाचित्रं आहेत, ती बघून कुणाही व्यवस्थित माणसाला घाम फुटेल. सपाट तांब्याच्या पत्र्यावर चिप उलट्या, पाय वर करून डकवलेल्या आणि बाकीचे सुटे भाग हवेतल्या हवेत एकमेकांना डाखलेले. या शैलीला इंग्रजीत ‘डेड बग’ म्हणतात, मेलेल्या किड्यासारखी दिसते म्हणून. दिसायला अशी असली तरी उच्च वारंवारितेवर ती नीटनेटक्या घरगुती बोर्डाला मागे टाकते, कारण खालचा अख्खा पत्रा ग्राउंडचं काम करतो आणि जोडण्या कमीत कमी लांबीच्या राहतात. हॅम रेडिओवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास मांडलेला बिटेक्स हा स्वस्त रेडिओ संच जगभर गाजला, त्यात गुंडाळीसाठी महागड्या टोरॉइड कड्यांऐवजी नळाचे नायलॉन वॉशर वापरले होते. जवळ जे मिळतं त्यातून काम भागवायची ही मोकळीक संचाच्या बांधणीतही दिसली. कुणी तो मोकळ्या पत्र्यावर बांधला, कुणी छापील बोर्डावर.

कमी वारंवारितेच्या साध्या कामाला आपल्याकडे ‘झीरो पीसीबी’ म्हणून मिळणारा छिद्रांचा बोर्ड पुरतो. त्यावर वेळ घालवून बोलावं असं काही नाही, चालतो.

राहिले ‘मागवून घ्या’वाले. त्यांची परंपरा वाटते त्यापेक्षा जुनी आहे, इतकी की ॲपल कंपनीचा जन्म त्यातूनच झाला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. स्टीव्ह वॉझ्नियाक आपल्या संगणकाचा आराखडा तिथे फुकट वाटत असे, पण तो बांधायला लागणारा वेळ आणि चिकाटी फार थोड्यांकडे होती. स्टीव्ह जॉब्झने सुचवलं, आपण नुसते छापील बोर्ड करून विकू. जेवढ्याला पडेल त्याच्या दुप्पट किमतीला देऊ. त्या भांडवलासाठी वॉझ्नियाकने आपला एचपीचा कॅल्क्युलेटर विकला आणि जॉब्झने आपली फोक्सवॅगनची गाडी. मग पॉल टेरेल या दुकानदाराने सांगितलं की मला कोरे बोर्ड नकोत, पूर्ण जोडलेले पन्नास संगणक हवेत. घरी करा, बोर्ड विकत घ्या की तयार वस्तूच आणा, हे तिन्ही पक्ष त्या एका गोष्टीत आहेत.

आजचा हिशेब त्यांच्या बाजूने आणखी झुकला आहे. किकॅडसारखी मोफत प्रणाली वापरून आराखडा करायचा, त्याच्या गर्बर, म्हणजे कारखान्याला लागणाऱ्या नकाशाच्या फाइली पाठवायच्या. शेन्झेनमधले कारखाने दहा सेंटिमीटर चौरसापर्यंतचे पाच बोर्ड दोन डॉलरला देतात. अमेरिकेतली ओएसएच पार्क अनेकांची कामं एकाच मोठ्या पत्र्यावर बसवून आपले जांभळे बोर्ड तीन प्रतींना चौरस इंचामागे पाच डॉलर दराने विकते. या बोर्डांना दोन थर असतात, छिद्रांच्या आतून तांब्याचा मुलामा असतो, वर संरक्षक लेप असतो. मुलामा दिलेली छिद्रं हे घरी फार अवघड काम आहे. घरगुती बोर्डावर वरचा आणि खालचा थर जोडायला प्रत्येक छिद्रातून तारेचा तुकडा ओवून दोन्हीकडून डाखावा लागतो. दोन थरांचा, बारीक पायांच्या चिपचा बोर्ड घरी करण्याचा हट्ट आता केवळ छंद म्हणूनच समर्थनीय आहे.

पण दोन डॉलर ही भारतात पोचलेली किंमत नसते. कुरिअर आणि सीमाशुल्क मिळून बोर्डाच्या किमतीच्या कितीतरी पट होतात. बोर्ड लहान, एकाच थराचा आणि एकच हवा असेल, तर घरचा सोपा पडतो. परवा सबमिशन असलेल्या डिप्लोमाच्या मुलाला दहा दिवसांनी येणाऱ्या सुंदर बोर्डाचा काय उपयोग? आणि एखाद्या फिल्टरचं गणित जुळवताना संध्याकाळपर्यंत चार नमुने करून बघायचे असतील तर कुठलाच कारखाना तेवढा वेगवान नाही. उलट घाई नसलेल्याने, पंचवीस बोर्ड हवे असताना, इस्त्री हातात घेऊन बसणं म्हणजे हाताला काम नसल्यासारखंच आहे.

अलीकडे या भांडणात लेझर शिरलं आहे. वीसेक वॅटचं फायबर लेझर तांबं थेट उडवून देतं. त्याच्या विरोधकांचं म्हणणं असं की खालचं काच-रेझिन जळून काळं पडतं आणि तो कोळसा वाटांमध्ये वीज गळू देतो. समर्थक हलक्या हाताने अनेक फेऱ्या मारतात आणि मधेमधे ब्रशने साफ करतात. स्वस्त निळ्या डायोडच्या लेझरला तांबं कापता येत नाही, म्हणून तांब्यावर काळा स्प्रे रंग मारून लेझरने फक्त रंग उडवायचा आणि मग बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये टाकायचा, असा मधला मार्ग निघाला आहे. रंगाचा थर पातळ असला तर द्रावण त्याच्या कडांखाली शिरतं. जाड असला तर तळाशी न दिसणारा पापुद्रा उरतो आणि तिथलं तांबं विरघळत नाही. स्पिरिटच्या ओल्या बोळ्याने अलगद पुसलं की तो निघतो, असं काहींचं म्हणणं. त्याने वाटांवरचाही रंग सैल होतो, असं इतरांचं.